दोन भोकं की तीन?

ब्लॉक आणि हेड मशिन शॉपमधून फेसिंग होऊन आले, की इंजिन बांधणाऱ्यापुढे एक छोटा दिसणारा पण महागात पडू शकणारा प्रश्न येतो: मधलं गॅस्केट किती जाडीचं घ्यायचं? गॅरेजमध्ये याचं उत्तर बहुधा तयारच असतं. हेड प्लेन केलंय ना, मग जाड टाका. जेवढं कापलं तेवढं भरून निघालं, असा हा हिशेब. तो कधी बरोबर येतो, कधी अर्धवट, आणि काही डिझेल इंजिनांत साफ चुकतो.

हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात: सिलिंडरमधला पेटता वायू, कूलंट आणि ऑइल. मात्र जाडीमुळे त्याच्याकडे चौथं कामही येतं. पिस्टन सर्वांत वर असताना हेडपासून किती लांब राहणार, हे ती जाडी ठरवते.

स्कोडा ऑक्टाव्हिया २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडली जाऊ लागली. तिच्यातलं फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय हे याचं उत्तम उदाहरण. या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीवर थांबत नाही, जवळपास एक मिलिमीटर वर डोकावतो. किती डोकावतो, ते मोजून कंपनीने तीन जाडीची गॅस्केटं दिली. ०.९१ ते १.०० मिमी असेल तर एक भोक, १.०१ ते १.१० ला दोन, १.११ ते १.२० ला तीन. ही खुणेची भोकं गॅस्केटच्या कडेला असतात, हेड बसवल्यावरही बाहेरून मोजता येतात. जाडी अनुक्रमे १.४५, १.५३ आणि १.६१ मिमी. पिस्टन आणि हेड यांच्यात साधारण अर्धा मिलिमीटरच जागा उरते, हे या आकड्यांची वजाबाकी केली की दिसतं.

मोजायचं साधन म्हणजे स्टँडवरचं डायल गेज. ते ब्लॉकच्या फेसवर शून्याला लावायचं, मग काटा पिस्टनवर सरकवायचा आणि क्रँक हळूहळू फिरवत सर्वांत मोठं रीडिंग टिपायचं. पिस्टन बोअरमध्ये किंचित डुलतो. म्हणून रीडिंग पिस्टन पिनच्या रेषेवर, दोन्ही टोकांना घेतात. चारही पिस्टन मोजून झाले की सरासरी काढायची नाही. जो सर्वांत वर येतो त्याच्यावरून गॅस्केट ठरतं.

आता फेसिंगकडे येऊ. समजा, एका इंजिनात पिस्टन १.०५ मिमी वर येत होता आणि दोन भोकांचं गॅस्केट होतं. ब्लॉक ०.१५ मिमी कापला. आता तोच पिस्टन १.२० वर येणार. म्हणजे तीन भोकं, तीही अगदी हद्दीवर. ब्लॉक आणखी थोडा कापला असता तर कंपनीच्या तक्त्यात त्याला गॅस्केटच उरलं नसतं.

तेवढंच मटेरियल ब्लॉकऐवजी हेडवरून काढलं तर? या इंजिनाचं हेड खालून सपाट आहे, जळण पिस्टनच्या माथ्यातल्या खळग्यात होतं. हेड कापल्याने पिस्टन वर येत नाही, रीडिंग १.०५ च राहतं, गॅस्केटही दोन भोकांचंच. अशा वेळी ‘कापलंय म्हणून’ तीन भोकांचं टाकलं, तर कॉम्प्रेशन रेशो १९.५ वरून साधारण १९.२ वर घसरतो. हेड कापल्याने खरं बिघडतं ते दुसरंच: व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ते गॅस्केटने नीट भरून निघत नाही. म्हणूनच फोक्सवॅगन डिझेलचं हेड प्लेन करायला परवानगी देत नाही. वाकलं असेल तर बदला, एवढंच सांगते.

पेट्रोल इंजिनात चित्र वेगळं. मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान २६५ सीसी आणि रेशो ८.७ धरला, तर वर उरणारी जागा साधारण ३४.५ सीसी. ब्लॉक अर्धा मिमी कापला की त्यातून १.८ सीसी जातात आणि रेशो ९.१ च्या आसपास पोचतो. म्हणजे ०.१ मिमीला फरक जेमतेम ०.०८ चा. टीडीआयमध्ये त्याच ०.१ मिमीला फरक ०.४ च्या घरात. डिझेलला मोजूनमापून तीन-तीन जाड्या का लागतात, ते इथे कळतं.

इथे हेड कापलं तर चेंबरच लहान होतो, तेव्हा जाड गॅस्केटने रेशो खाली आणता येतो. पण त्याची किंमत असते. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यातली फट अनेक इंजिनांत एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे मिश्रण तिथून जोरात चेंबरमध्ये ढकललं जातं आणि भराभर जळतं. फट वाढवली की ही घुसळण मंदावते. रेशो उतरूनही इंजिन नॉकिंग करतं, ते अनेकदा यामुळे. फट तपासायला पिस्टनवर सोल्डरिंगची तार ठेवतात, हेड आवळतात, क्रँक एक फेरा फिरवतात आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने घेतात. कॅम हेडमध्ये असेल तर हेड खाली आल्याने टायमिंगही किंचित मागे पडतं.

जाडीइतकंच गॅस्केटमधल्या सिलिंडरच्या भोकाचं माप महत्त्वाचं. बोअरिंग करून ओव्हरसाईज पिस्टन टाकले आणि गॅस्केट स्टँडर्ड मापाचं घेतलं, तर त्याची धातूची कड सिलिंडरमध्ये डोकावते, तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. फेसिंगचा गुळगुळीतपणाही पाहावा लागतो. जुनी ग्राफाइटची गॅस्केटं थोडा खडबडीत फेस सांभाळून घ्यायची. आजची अनेक पदरी स्टीलची गॅस्केटं तसं करत नाहीत.

‘जुन्याला दोन भोकं होती, नव्यालाही दोनच द्या’ हे काउंटरवरचं वाक्य तेव्हाच चालतं, जेव्हा ब्लॉक, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना हात लागलेला नसतो. लागला असेल, तर खरेदीला निघण्याआधी ब्लॉक बांधून चारही पिस्टन मोजावे लागतात. म्हणून काम देताना गिऱ्हाइकाने दोन गोष्टी लिहून मागाव्यात: हेड आणि ब्लॉक यांतलं काय किती कापलं, आणि डायल गेजची चारही रीडिंगं. बोअरिंगचं माप बिलावर येतं, त्याच्या शेजारी हेही मावतं.