सातबाऱ्यावर नसलेला वारसा

‘‘तुमच्या घरचं बी कोणतं?’’

गच्चीवर भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या मंडळींच्या पहिल्याच बैठकीत एका आजींनी मला हा प्रश्न विचारला आणि उभा जन्म बँकेच्या टेबलामागून लोकांना प्रश्न विचारणारा मी निरुत्तर झालो. दहाच मिनिटांपूर्वी मी ऐटीत सांगितलं होतं, की आम्ही मूळचे शेतकरी. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, पणजोबांनी खणलेली विहीर... कादंबऱ्या लिहिण्याची सवय असल्यानं वर्णन जरा रंगलंही असावं. पण बी? ते माझ्याकडे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जमीनही नव्हती. ती मी १९९६ साली विकली होती. पुण्यातल्या याच फ्लॅटसाठी.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून मी या मंडळींत शिरलो. कुणी शिक्षिका, कुणी इंजिनियर, बऱ्याचशा गृहिणी. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, एकमेकांची रोपं पाहायची, चहा प्यायचा. यांची माती विकतची नसते. रसवंतीवरची उसाची चिपाडं, रस्त्यावरचा पालापाचोळा, स्वयंपाकघरातल्या साली, वर थोडं शेणखत. काही महिन्यांत काळीभोर माती हाताला लागते. ती वजनाला हलकी, त्यामुळे स्लॅबवर भार येत नाही. (खालच्या मजल्यावर ओल उतरली तर होणारं भांडण मात्र जड असतं!) या साऱ्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांची प्रेरणा आहे. ‘प्रयोग परिवार’ उभा करून त्यांनी द्राक्ष बागायतदारांपासून शहरातल्या गच्चीवाल्यांपर्यंत अनेकांना स्वतः प्रयोग करायला शिकवलं. दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब सुखानं जगू शकतं, असं ते मांडत. आमच्या वडिलांची जमीन चार एकर होती. म्हणजे दाभोळकरांच्या हिशेबानं सोळा कुटुंबांची!

आजींचा प्रश्न घेऊन घरी आलो आणि आईची परसबाग आठवली. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर पावट्याचा वेल. पहिल्या बहराच्या चांगल्या शेंगा ती चिंधी बांधून राखून ठेवी. त्या तोडायची कुणाची छाती नव्हती. काकडीचं बी राखेत आणि शेणात कालवून भिंतीला थापलेलं असे. पावटा गाडग्यात, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. आम्ही ‘शेती’ म्हणायचो ते वडिलांच्या नांगराला. आईचं ते नुसतं ‘बायकांचं काम’.

बँकेत आल्यावर मी हेच शिक्षण पुढे चालवलं. पीककर्जाचा काही भाग रोख आणि काही भाग बी-खताच्या रूपानं, दुकानदाराच्या पावतीवर दिला जाई. एखादा शेतकरी म्हणायचा, ‘‘साहेब, बी घरचं हाय.’’ मी म्हणायचो, ‘‘पावती आणा.’’ घरच्या बियाला पावती नसते, म्हणून त्याला किंमतही नव्हती. संकरित बियाण्यानं टंचाईच्या वर्षांत पोटं भरली, हे विसरणं कृतघ्नपणाचं ठरेल. पण त्या पिकाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर तेच गुण उतरत नाहीत. दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. गाडगी रिकामी झाली ती अशी. पुढे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियांची बँक उभारल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी बातमी दोनदा वाचली. शाळेत न गेलेल्या बाईनं उभी केलेली बँक! आणि आमच्या बँकेत बियांचा रकाना फक्त खर्चाच्या बाजूला.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. इतके दिवस ती सांगायचं टाळत होतो. आई आधीच गेली होती. १९९१ साली वडील गेले. मागे मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. १९५६च्या कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात तिचाही वाटा होता. मी कागद तयार करून नेला. हक्कसोडपत्र. तिनं न वाचता सही केली. ‘‘मला काय करायचीय जमीन? माहेर राहू दे म्हणजे झालं,’’ एवढंच बोलली. मी तिला लुगडं घेतलं आणि परतीचं एसटीचं तिकीट काढून दिलं. पाच वर्षांनी जमीन विकली, पाठोपाठ घरही. ज्या माहेरासाठी तिनं वाटा सोडला, ते माहेरच मी विकलं. २००५ साली कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण भावासाठी हक्क सोडून देणाऱ्या बहिणी आजही निबंधकाच्या कचेरीबाहेर बसलेल्या दिसतात. त्या दिसल्या की मी मान फिरवतो.

त्या बैठकीनंतर अक्षय्य तृतीयेला आक्काच्या गावी गेलो. बिचकतच विचारलं, ‘‘आईच्या पावट्याचं बी कुणाकडं असेल गं?’’ ती उठून आत गेली आणि एक गाडगं घेऊन आली. वर राख, खाली पावटा. सासरी जाताना आईनं तिच्या पदरात बांधलेलं बी तिनं पन्नासेक वर्षं दरसाल पेरलं होतं. वीस दाणे मोजून माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, ‘‘खायला न्हाई, पेरायला. आणि दुप्पट परत आणायचं.’’

‘‘आमच्याकडे एवढ्या व्याजाला सावकारी म्हणतात,’’ मी म्हणालो.

‘‘मग सही करून दे,’’ ती हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

आषाढात बी लावलं. वेल गच्चीच्या कठड्यावरून पसरला, पण श्रावण गेला, भाद्रपद गेला, फुलाचा पत्ता नाही. उपटून टाकावासा वाटला. आक्काला फोन केला. ‘‘दिवस लहान होऊ देत, थंडी पडू दे. आईचा वेल घाई करत न्हाई.’’ कार्तिकात जांभळट तुरे आले. भोगीच्या भाजीत यंदा घरचा पावटा पडला. पहिल्या बहराच्या शेंगांना मात्र मी चिंध्या बांधून ठेवल्या होत्या.

महाशिवरात्रीनंतर चाळीस दाणे घेऊन गेलो. वर मूठभर जास्तच. यावेळी त्या सहीबद्दल बोलायचं, माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. वाक्यंही मनाशी जुळवली होती. आक्कानं एक दाणा दाताखाली धरला. कट्‌कन आवाज झाला. ‘‘चांगला वाळलाय,’’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘‘आक्का, त्या वेळी मी...’’

‘‘पाणी जास्त घालतोस तू,’’ ती मध्येच म्हणाली. ‘‘दाणा जरा बारीक झालाय.’’ आणि राखेचा डबा पुढे ओढला. तिला कळलं नव्हतं असं नाही.

पुढच्या बैठकीत बियांची देवाणघेवाण होती. प्रत्येक पुडीवर बियाचं नाव आणि ते मूळ कुणाचं, हे लिहायचं असतं. आजींनी माझ्यापुढे पुड्या सरकवल्या. सवयीनं मी वडिलांचं नाव लिहायला घेतलं आणि थांबलो. मग लिहिलं, ‘आईचा पावटा’. खाली आक्काचं पूर्ण नाव.

पुड्या पाच होत्या. पाचही लिहिल्या.