समन्स आले तर घाबरू नका, प्रतिदाव्याचा हक्क ओळखा!

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपले वाडवडील सांगत आले. पण समन्सच दारात येऊन पडले तर? मग पायरी चढावीच लागते. दावा लावणाऱ्यानेच आपल्याला फसवले असेल, तर त्याच दाव्यात आपण त्याच्यावर उलट दावा लावू शकतो. यालाच प्रतिदावा म्हणतात. आज आपली कितीतरी मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. तेथे हा हक्क कसा वापरतात, हे त्यांच्या घरच्यांनीही समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची कोर्टे वेगळी आणि संघराज्याची, म्हणजे फेडरल, कोर्टे वेगळी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना परमपूज्य बाबासाहेबांनी हा फरक स्पष्ट केला होता. अमेरिकेत न्यायव्यवस्था दुहेरी, आपल्याकडे मात्र हायकोर्टे व सुप्रीम कोर्ट मिळून एकच. म्हणून तेथे खटला कोणत्या कोर्टात चालायचा, यावरच मोठी झुंज होते.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील उदाहरण घ्या. २०१६ साली सिटीबँकेने कार्डाच्या थकबाकीसाठी एका ग्राहकावर राज्याच्या कोर्टात दावा लावला. ग्राहक गप्प बसला नाही. त्याने बँकेवर प्रतिदावा केला. शिवाय होम डेपो व आणखी एक कंपनी यांनाही त्यात ओढले आणि आपल्यासारख्या इतर ग्राहकांच्या वतीनेही दाद मागितली. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे भुलवून जादा भावाने गळ्यात मारली, असा त्याचा आरोप होता. बँकेने आपला दावा मागे घेतला. होम डेपोने खटला फेडरल कोर्टात नेण्याची खटपट केली. २८ मे २०१९ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्र लिहिले. खटला हलविण्याचा हक्क मूळ प्रतिवादीचा. प्रतिदाव्यामुळे ओढल्या गेलेल्याचा नव्हे. आरोप खरा की खोटा, याचा तो निकाल नव्हता. पण बलाढ्य कंपनीला कोर्ट बदलता आले नाही, हे महत्त्वाचे.

आता व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, मुदत. फेडरल कोर्टात समन्स बजावल्यापासून साधारणपणे २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपण वादी असू आणि आपल्यावर प्रतिदावा आला, तरी मुदत २१ दिवसांचीच. गप्प राहिलो तर आरोप मान्य, असे धरले जाते. राज्यांच्या कोर्टांच्या मुदती वेगळ्या असतात, त्या लगेच विचाराव्यात.

दुसरी, त्याच व्यवहारातून निघालेली तक्रार फेडरल कोर्टात उत्तराबरोबरच मांडावी लागते. 'नंतर बघू' म्हटले की ती बहुधा गेलीच.

तिसरी, राज्याच्या कोर्टातून फेडरल कोर्टात जायचे तर प्रतिवादीला साधारण ३० दिवस मिळतात. प्रश्न फेडरल कायद्याचा हवा, किंवा पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे आणि रक्कम ७५,००० डॉलरच्या वर हवी.

आपल्याकडेही दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने प्रतिदाव्याची स्पष्ट तरतूद झाली. वादीने दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालू राहतो. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्टाने मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. प्रतिदाव्याला कोर्ट फी लागते, हेही ध्यानात ठेवा.

आणि वकिलाला पैसे कोठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने महिलांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तेथे अर्ज करा.

बंधू-भगिनींनो, समन्सचे पाकीट कपाटात टाकून देऊ नका. ते मिळाल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहा, पावत्या, करारपत्रे, पासबुक एका फायलीत लावा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा. हक्क कायद्याने दिला आहे. तो मुदतीत मागणे आपल्या हाती आहे.