दाबलेली हवा, मोडलेला रॉड

मे महिन्यात वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेला पारा 45 अंशांकडे सरकतो तेव्हा हवा तापते आणि विरळही होते. 15 अंशांच्या हवेच्या तुलनेत तिचे वजन जवळपास एक दशांशाने घटते. माणसाला ते जाणवत नाही, इंजिनाला मात्र लगेच जाणवते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. हवा कमी तर ताकद कमी, हा हिशेब कुठल्याही कारखान्याला चुकवता आलेला नाही. पाच लिटरचे इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात ते 15,000 लिटर हवा ओढते. त्याच इंजिनातून आणखी ताकद काढायची तर हवा दाबून भरावी लागते. ते काम सुपरचार्जर करतो.

त्याचा पूर्वज मोटारीचा नव्हे, भट्टीचा. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंनी 1860च्या सुमारास एकमेकांना न टेकता फिरणाऱ्या दोन पात्यांचे यंत्र बनवले. पुढे भट्टीत वारा घालायला ते सर्रास वापरले गेले. म्हणजे लोहाराच्या भात्याचे काम न थकता करणारे यंत्र. गॉटलीब डाइमलरने 1885मध्येच इंजिनात हवा दाबून भरण्याचे पेटंट घेतले होते. विक्रीच्या मोटारींत ही कल्पना उतरली ती 1921मध्ये, मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेल्या गाड्यांत.

मराठी वाचकाला या कथेतली जवळची गाडी इंदूरची. तुकोजीराव होळकरांचे चिरंजीव महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930च्या दशकात इंडियानापोलिसच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही सुपरचार्जर लावलेली गाडी घेतली आणि तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून घडवून घेतली. दोन माणसांसाठी एवढी लांबलचक स्पोर्ट्स गाडी त्या काळातही क्वचितच दिसे. बॉनेटखाली एका रांगेत आठ सिलिंडर, 6.9 लिटर घनफळ. सुपरचार्जर नसलेल्या ‘जे’ मॉडेलच्या इंजिनाची ताकद कंपनी 265 अश्वशक्ती सांगे, तर एसजेची 320.

या 55 जादा घोड्यांसाठी कंपनीने आत काय बदलले, ते पाहण्यासारखे आहे. साध्या जे इंजिनात पिस्टनला क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. एसजेसाठी ते काढून पोलादी, नळीच्या आकाराचे रॉड बसवले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही कडक केल्या. हवा वाढवली की हाडेही बदलावी लागतात, हे ड्यूसेनबर्गच्या अभियंत्यांना शर्यतींतून कळले होते. 1924ची इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत त्यांच्याच सुपरचार्ज्ड गाडीने जिंकली होती.

इंग्लंडमध्ये सुपरचार्जर लावावा की नाही यावरून वाद झाला. बेंटलीच्या साडेचार लिटर इंजिनाला शर्यतपटू टिम बर्किनने अभियंता ॲमहर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर लावून घेतला. ताकद 110 अश्वशक्तीवरून 175वर गेली, शर्यतीच्या गाड्यांत त्याहूनही पुढे. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता; ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करा, असे त्यांचे मत. 1930च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत दोन्ही ‘ब्लोअर’, म्हणजे सुपरचार्जर लावलेल्या, बेंटली इंजिन मोडून बाहेर पडल्या. जिंकली ती बेंटलीचीच, सुपरचार्जर नसलेली स्पीड सिक्स. मात्र त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किनने याच जड गाडीने दुसरा क्रमांक मिळवला. सुपरचार्जरची कल्पना खोटी नव्हती. टिकाऊपणाचे गणित अपुरे राहिले होते.

ते गणित उष्णतेपासून सुरू होते. हवा दाबली की तापते. दाब दीडपट केला, तर 45 अंशांची हवा आदर्श यंत्रातसुद्धा 84 अंशांवर जाते. जुन्या धाटणीच्या रूट्स सुपरचार्जरमध्ये ती 110च्या आसपास पोहोचते. लंडनच्या 15 अंशांत हेच यंत्र साधारण 75 अंशांची हवा इंजिनात सोडील. म्हणून आजच्या इंजिनांत मध्ये ही हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. तो गाळाने भरला, त्याचा पाण्याचा पंप बंद पडला किंवा एखादा इंजेक्टर अर्धवट तुंबून त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळाले, की संकट सुरू होते. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. एरवी पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ थर चिकटून असतो आणि दोन हजार अंशांच्या पुढच्या आगीपासून धातूला वाचवतो. नॉकिंगचे धक्के तो थरच उडवून लावतात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पिस्टनचा मिश्रधातू त्याआधीच मऊ पडतो. मग रिंगांच्या खाचा तुटतात, पिस्टनला भोक पडते.

रॉड मोडण्याचे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. अर्धा किलोचा पिस्टन 6000 फेऱ्यांवर धावत असताना वर जाऊन उलटा फिरतो, तेव्हा रॉडवर सुमारे 12 क्विंटल वजनाएवढी ओढ बसते, आणि जळालेला धूर बाहेर ढकलताना हे दर सेकंदाला 50 वेळा घडते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो त्यासाठी जागा असते जेमतेम 0.05 मिलिमीटर. तेलाचा दाब क्षणभर पडला की धातू धातूला घासतो, बेअरिंग जागेवर फिरते, बोल्ट ताणला जातो आणि रॉड सुटून ब्लॉकला भगदाड पाडतो.

असे इंजिन पुन्हा उभे करताना चांगला मिस्त्री आधी नवे सामान मागवत नाही. तो तुकडे मांडून ठेवतो. सगळे पिस्टन सारखेच भाजलेले असतील तर दोष सर्वांना समान असलेल्या गोष्टीत, म्हणजे हवा, इंधनाचा दाब किंवा ठिणगीची वेळ यांत. एकच पिस्टन जळालेला असेल तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासणीच्या बाकावर चढतो. बेअरिंग एकापाठोपाठ एक काळवंडलेली असतील तर तेलाचा रस्ता शोधायचा. तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी उलगडली, की आत अडकलेला चुरा पितळी-तांबूस आहे की पांढरट, यावरून बेअरिंग गेले की पिस्टन, हे कळते. एखाद्या गाडीच्या मालकाने जादा जोरासाठी सुपरचार्जरची पुली लहान करून घेतलेली असते. पुली लहान केली की पाती जोरात फिरतात आणि दाब वाढतो. इंधन, ठिणगी आणि थंडावा मात्र जुन्याच मापाचा राहतो. मोटारीतली सर्वांत स्वस्त अश्वशक्ती हीच आणि सर्वांत महागात पडणारीही हीच.

कारण सापडल्यावर मोजमाप. पोलादी क्रँकला चुंबकीय करून त्यावर लोहकण असलेला द्रव सोडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्याच्या कडेने कण गोळा होतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर चुंबक चालत नाही, तिथे तड्यात झिरपणारा रंग वापरतात आणि पाण्याच्या वाटा दाब देऊन तपासतात. क्रँकवर ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून तेवढ्या जाड मापाची बेअरिंग घालतात. सिलिंडर बोअर करून होनिंग केले जाते. त्यातून उमटणाऱ्या तिरप्या जाळीदार रेषा तेल धरून ठेवतात. पिस्टन ओतीव न घालता घडीव घेतात. इथे सुपरचार्ज्ड इंजिनाचा खास नियम येतो. साधारण 92 मिलिमीटरच्या बोअरला साध्या इंजिनात रिंगेच्या दोन टोकांमध्ये 0.37 मिलिमीटर फट पुरते, पण इथे ती 0.5च्या आसपास ठेवावी लागते. जास्त तापलेली रिंग जास्त वाढते. टोके एकमेकांना भिडली तर नवे पिस्टन पहिल्याच लांब चढाला तुटतील. एकदाच ताणण्यासाठी बनवलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, मग ते कितीही नवे दिसोत.

सुपरचार्जरही उघडावा लागतो. पात्यांवरचा लेप, मागचे बेअरिंग, दोन्ही पाती एकमेकांना चुकवून फिरवणारे गिअर, सारे पाहायचे. तेलाचा कूलर शक्यतो नवाच घ्यावा, कारण त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा धुऊन निघेल याची खात्री देता येत नाही. नव्या इंजिनाला पहिली ठिणगी देण्याआधी बाहेरून तेलाचा दाब देऊन प्रत्येक बेअरिंगपर्यंत तेल पोहोचवतात.

हे ज्ञान परदेशी शर्यतींपुरते नाही. मुंबईच्या टाटा मोटर्सने 2008मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि 2013पासून 2024पर्यंत बनलेल्या जॅग्वार एफ-टाइपच्या पाच लिटर व्ही-8 इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जरच होता. विजेच्या तारा येण्यापूर्वी चांदूर रेल्वेच्या फलाटावरून गाड्या ओढणारी डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिने 16 सिलिंडरची, 2600 अश्वशक्तीची होती, आणि रेल्वेचे कर्मचारी त्यांच्यातल्या हवा दाबणाऱ्या यंत्राला ‘टर्बो सुपरचार्जर’च म्हणत. फरक एवढाच, की सुपरचार्जरला इंजिनाचा पट्टा किंवा गिअर फिरवतो, तर टर्बोला बाहेर जाणारा धूर.

आज तोच टर्बो वऱ्हाडातल्या हार्वेस्टरला, मालट्रकला आणि मोठ्या ट्रॅक्टरला आहे. डिझेलमध्ये पेट्रोलसारखे नॉकिंग नसते, पण उष्णता आणि तेलाचा थर यांचे नियम तेच. टर्बो गेला म्हणून नवा बसवला आणि तेल नेणारी तुंबलेली नळी तशीच ठेवली, तर नवाही जातो. जुन्या टर्बोचे पाते तुटले असेल तर इंटरकूलरमधले तुकडे काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. जोरात चाललेले इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे आयडलवर ठेवावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या दांड्यावरचे तेल जळून घट्ट होत नाही.

इंजिनाचे काम द्यायचे असेल तर खर्चाचा आकडा विचारण्याआधी इंजिन कशाने गेले, हे विचारा. काढलेले पिस्टन आणि बेअरिंग परत मागून घ्या. क्रँक किती घासला, बोअर कोणत्या मापाला गेला, रिंगेची फट किती ठेवली, हे बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला सर्वांत आधी याच कागदाची गरज लागते.