मे महिन्याची सुट्टी: पोरांना दोन्ही पाणी कळू द्या



आम्ही लहान असताना मे महिना लागला की हरमलच्या आमच्या घरात दोन कामे एकदम सुरू व्हायची. बाबा जाळी, दोर आणि होडीच्या मागे. आणि आई आजोळी न्यायची पिशवी भरण्याच्या मागे. पिशवीत सुके बांगडे, सुका गालमो, खारवलेला इसवण आणि आगरवाड्याच्या मिठाची एक पोटली. पावसाळ्याचे पुरुमेत म्हणून मामाकडे हे सगळे दरवर्षी जायचेच.

आजोळ म्हणजे डिचोली तालुक्यातले नार्वे, मांडवीच्या काठावरचे. बाबा कधी बरोबर आले नाहीत. हंगामाचे शेवटचे दिवस टाकून मच्छीमार कुठे जाणार? आई आणि आम्ही दोघे भाऊ, एवढीच आमची वरात.

तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता. चोपड्याला फेरीबोटीत चढायचे, शापोरा नदी ओलांडून शिवोलीला उतरायचे, तिथून म्हापसा, मग अस्नोडा, डिचोली, मये आणि शेवटी नार्वे. सकाळी निघालेलो आम्ही जेवणाच्या वेळेला पोहोचायचो. शिरगावचा फाटा आला की आई हात जोडायची आणि तीच गोष्ट परत सांगायची. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि आपली मोरजीची मोरजाई, या सख्ख्या बहिणी. म्हणजे पेडणे आणि डिचोलीचे नाते देवींपासूनचे, आपण ते मोडायचे नाही.

मामा नदीत पागेर टाकायचा, मानशीवर मासे धरायचा. काळुंद्र, शेवटे, सुंगटां, कधी एखादा चणक. आम्हाला वाटायचे, आम्ही दर्यावरची पोरे, नदी ती काय! पहिल्याच दिवशी मामाने आम्हाला काठावर बसवले आणि पाण्यात एक नारळाची सोडण टाकली. "ही खंय वता ती पळयात, मागीर पाण्यात पांय घालात." सोडण कुठल्या बाजूला आणि किती वेगाने जाते ते बघायचे आणि मगच उतरायचे.

त्या पंधरा दिवसांत आम्ही जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात मिळाले नसते. हरमलच्या किनाऱ्यावर भरती लागली तरी नार्व्याला तिचे पाणी उशिरा पोहोचते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पुनवेला आणि अमावास्येला उधाण, तेव्हा ओहोटीची ओढही जोराची. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी जरा मवाळ. चिखलात पाय रुतला तर ताकद लावून उपटायचा नाही. अंग मागे टाकून आडवे व्हायचे आणि पाय हळूहळू सोडवायचा. खनिजाची बार्ज गेली की तिची लाट काठाला थडकेपर्यंत थांबायचे. आणि खाणीच्या पाणी भरलेल्या खंदकाकडे तर फिरकायचेच नाही. तिथला काठ सरळ खाली तुटलेला असतो, माती निसटते, बाहेर यायला हाताला काही लागत नाही. शिवाय गोड्या पाण्यात अंग खाऱ्या पाण्याइतके तरंगत नाही.

परत येताना मामाची दोन पोरे आमच्याबरोबर हरमलला यायची. पिशवीत आता उकडे तांदूळ, सोलां, काजूबिया आणि डोक्यावर एक फणस. इथे शिकवायची पाळी आमची. आमच्या आजोबांनी त्यांना रापण ओढायला लावले. दोर धरला म्हणून माशांचा वाटा हातात मिळाला, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. आजोबांचे पहिले सांगणे एकच असायचे: "दर्याक पाठ दाखयनाकात." आणि दुसरे, जिथे लाटा फुटत नाहीत तो पट्टा शांत दिसतो म्हणून तिथे उतरायचे नाही. पाणी तिथूनच बाहेर ओढते.

मंडळी, हे जाणे-येणे आमच्याच हातून सुटले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मामाच्या मोठ्या मुलाचे ट्रकचे काम गेले, तो कामासाठी बाहेर पडला. इकडे आम्ही मागची खोली पर्यटकांना भाड्याने द्यायला लागलो. मे महिन्यात तीच खोली भरलेली, पाहुण्यांना झोपवणार कुठे? मग कोविडची दोन वर्षे आली आणि उरलेसुरले जाणेही थांबले. भेटी फक्त लग्नात आणि तेराव्याला.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मामाचा बारा वर्षांचा नातू चार दिवसांसाठी आला. नदीत माशासारखा पोहणारा पोर. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोन मुलांबरोबर किनाऱ्यावर गेला. पाऊस जवळ आला होता, दर्या बदलायला लागला होता. त्याने बघितले, सगळीकडे लाटा आणि मधे एक पट्टा नदीसारखा शांत. तो तिथेच उतरला.

आमच्या मुलांना तो पट्टा काय आहे ते चांगले माहीत होते. मग थांबवले का नाही, असे आम्ही नंतर विचारले. थोरला म्हणाला, "आम्हाला वाटलं, हे सगळ्यांनाच माहीत असतं."

पोर ओढीत सापडला. सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला आणि दमला. थोरला त्याच्यामागे पाण्यात गेला नाही, धावत रापणीवाल्यांकडे गेला. हे बरे केले. एका जुन्या रापणकाराने काठावरून ओरडून सांगितले, "आडवो पेंव रे, आडवो!" पोराने ऐकले. किनाऱ्याला समांतर सरकला, ओढ कमी झाली आणि होडीतल्या दोघांनी त्याला वर घेतला.

रात्री मामाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चूक भुरग्याची न्हय. आमी ताका दर्यो दाखयलोच ना." आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही, कारण आमच्या मुलांनी तरी नदी कुठे बघितली होती?

म्हणून यंदा आम्ही मागची खोली मे महिन्याचे पंधरा दिवस भाड्याला दिलेली नाही. पैसे बुडले, खोटे कशाला बोला. पण आमचे दोघे आठ दिवस नार्व्याला राहून आले. धाकटा पहिल्याच ओहोटीला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला, आणि सत्तरी ओलांडलेल्या मामाने काठावर बसूनच त्याला कसे आडवे व्हायचे ते सांगितले. आता मामाची नातवंडे आमच्याकडे आहेत. खोलीत पाच पोरे झोपतात आणि पंखा एकच.

बोटमालकांना आणि घरच्या मंडळींना आमचे एवढेच सांगणे. आता वरच्या वर्गांची शाळा एप्रिलमध्येच सुरू होते, सुट्टी जेमतेम मे महिन्याची उरते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, त्याआधी आपल्याला घर सोडता येत नाही हे खरे. पण पोरे आणि त्यांची आई जाऊ शकतात, पूर्वीही तीच जायची. पाहुण्यांचे पोर आले तर पहिल्या दिवशी त्याला पोहायला नेऊ नका. काठावर बसवा आणि पाणी दाखवा. त्याला पोहता येते म्हणजे आपले पाणी कळते असे धरून चालू नका. आणि आपल्या पोरांना सांगून ठेवा, तुम्हाला जे माहीत आहे ते पाहुण्याला माहीत नसते, ते तोंडाने सांगायचे.

कोणी ओढीत सापडलाच तर मागे उडी घेऊ नका. तरंगेल असे काहीतरी फेका, माणसे बोलवा, १०८ ला फोन करा. आपल्या होड्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या.

उद्या पहाटे रापण आहे. नार्व्याची पोरे दोर धरणार आहेत. वाटा त्यांनाही मिळेल.