पिंजऱ्याचे दार आणि पीटरचा ससा

दिवाळी जवळ आली की घरात वयाने मोठे कुत्रे दत्तक आणलेल्यांचा एक प्रश्न हमखास कानावर येतो: फटाके सुरू व्हायच्या आत त्याला क्रेटची, म्हणजे घरातल्या दाराच्या पिंजऱ्याची, सवय लावायची आहे, पण ते आत पाऊल टाकत नाही, दार लावले की विव्हळते, गज चावते, नखे मोडेपर्यंत उकरते, काय करावे? यावर शेजारीपाजारी आणि इंटरनेटवरचे गुरू एकमुखाने सांगतात की कुत्रा मूळचा गुहेत राहणारा प्राणी, दोन रात्री रडेल आणि मग आपणहून आत जाऊन झोपेल. या वाक्याचे दोन्ही तुकडे कच्चे आहेत. लांडगी बीळ धरते ती पिल्लांसाठी. पिल्ले आठ-दहा आठवड्यांची झाली की कळप त्यांना उघड्यावरच्या बैठकीच्या जागी हलवतो, आणि मोठे लांडगे एरवीही उघड्यावरच झोपतात. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांच्या बिळांचा अभ्यास कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने केला, तेव्हा तीही व्यायलेल्या माद्यांचीच, आणि बहुतांश माणसांच्या वस्तीला चिकटून असलेली निघाली. शिवाय बिळाला दार नसते. असले, तरी त्याची कडी बाहेरून कुणी लावत नाही. गुहेची उपमा नेमकी इथे कोसळते. क्रेटचा सगळा प्रश्न भिंतींचा नसून त्या दाराचा आहे.

भीती कशी टिकून राहते आणि ती कशी उतरवता येते, अशी या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच वर्षी, 1924 मध्ये, हाती आली होती. पहिले टोक रशियातले. त्या वर्षी 23 सप्टेंबरला लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांच्या प्रयोगाच्या कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले. विल्यम सार्जंट या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलेल्या हकिकतीत पाणी पिंजऱ्यांच्या माथ्यापर्यंत चढले होते. कुत्री नाक छताला लावून पोहत होती, आणि वाचवायला आलेल्या माणसाला त्यांना आधी पाण्याखाली ओढून मग दारातून बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, वरून धडधाकट दिसली, पण त्यांतल्या काहींचे वर्षानुवर्षे घोटलेले प्रतिक्षेप, म्हणजे खुणेला द्यायचे शिकवलेले प्रतिसाद, पार पुसले गेले. मग दोन गोष्टी आढळल्या, आणि पावलोव यांच्या प्रसिद्ध घंटा-लाळेच्या गोष्टीपेक्षा मला त्या कितीतरी मोलाच्या वाटतात. अशा एका कुत्र्याजवळ त्याचा ओळखीचा संशोधक, डॉ. स्पेरान्स्की, प्रयोगाच्या खोलीत नुसता बसून राहिला की हरवलेले प्रतिक्षेप परत येत. तो नसला आणि त्याचे कपडे नजरेआड ठेवले, तरी तेवढ्या वासाने काम भागे. दुसरी गोष्ट पुढची. कुत्रा पूर्ण सावरला असे वाटल्यावर दाराखालून पाण्याची एक धार गुपचूप आत सोडली, तर तो पुन्हा पहिल्यासारखा बिथरला. भीती पुसली जात नाही, तिच्यावर नव्या अनुभवाचा थर चढतो, आणि जुन्या खुणेची एक धार तो थर खरवडून काढते.

आपल्याकडच्या दत्तक कुत्र्याच्या बाबतीत ही खूण अनेकदा कानावरच असते. नसबंदी केल्याची निशाणी म्हणून ज्याच्या कानाचा तुकडा कापलेला आहे, त्याने जाळे, गाडी, शस्त्रक्रिया आणि जखम भरेपर्यंतचा पिंजऱ्यातला मुक्काम हे सगळे एकदा पाहिलेले असते. नसबंदीच्या मोहिमेला पर्याय नाही, रेबीजविरुद्धची लस त्याच वेळी टोचली जाते; पण त्या कुत्र्याच्या लेखी क्रेट ही कोरी पाटी नव्हे. पिल्लाला जे चार दिवसांत जमते ते याला चार दिवसांत का जमत नाही, याचे उत्तर बहुधा इथे असते.

दुसरे टोक न्यूयॉर्कमधले, आणि त्याची मालकीण विसरली गेलेली. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी 1920 मध्ये ‘छोटा अल्बर्ट’ या बाळाला मोठ्या आवाजाने पांढऱ्या उंदराची भीती शिकवली, आणि मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात मानाची जागा मिळवली. शिकवलेली भीती उतरवायची कशी, हे मेरी कव्हर जोन्स यांनी दाखवले. त्यांना मात्र बारीक टाइप! जोन्स यांचा पीटर जेमतेम तीन वर्षांचा होता आणि सशाला, अगदी पिंजऱ्यातल्या सशालाही, घाबरत असे. न घाबरणाऱ्या मुलांबरोबर खेळवून तो बराच सुधारला, तेवढ्यात तापाने त्याला दोन महिने इस्पितळात नेले, आणि तिथून बाहेर पडताना एक मोठा कुत्रा (हो, कुत्राच) अंगावर आला. सगळे मुसळ केरात. मग जोन्स यांनी त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला, आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खाण्यात खंड पडणार नाही इतक्याच अंतरावर आणला. बारा फूट, चार फूट, तीन फूट, अगदी शेजारी, मग मोकळा. या चढणीच्या सतरा पायऱ्या त्यांनी नोंदवल्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवर ससा पीटरची बोटे कुरतडतो आहे. वर्तनोपचारांची आई म्हणून जोन्स यांचे नाव घेतले गेले, पण बऱ्याच उशिरा.

पीटरच्या जागी कुत्रा आणि सशाच्या जागी क्रेट ठेवला की पद्धत तीच. क्रेट खोलीच्या एका टोकाला, दार काढून ठेवलेले किंवा बांधून टाकलेले. चिकनचे तुकडे पडतात ते कुत्रा आरामात खातो त्या अंतरावर. मग थोडे जवळ, मग उंबऱ्याशी, मग आत. दाराचा विषय कित्येक दिवसांनी, तोही एका क्षणासाठी लोटण्यापुरता. मापदंडही पीटरचाच. आवडीचा तुकडा तो नाकारतो आहे, घाईघाईने मान लांबवून पळवतो आहे, भूक नसता ओठ चाटतो किंवा जांभया देतो आहे, म्हणजे आपण एक पायरी पुढे गेलो, मागे फिरायचे. जोन्स यांनी दिलेला एक इशारा मात्र आजचे प्रशिक्षक विसरतात. गोडी आणि भीती यांची ही जोडणी नाजूक आहे. हात घाईचा असेल तर गोडी सशाला लागण्याऐवजी भीती खाऊला चिकटते. चिकनने भुलवून आत घ्यायचे आणि मागून दार लावायचे, हा प्रकार नेमका तोच. दोनदा फसलेले कुत्रे मग चिकनलाही संशयाने हुंगते.

आक्षेप ठरलेला: रडू दिलेली कुत्री शेवटी गप्प होतातच ना? होतात. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी टाळता न येणारे विजेचे झटके दिलेली कुत्रीही अशीच गप्प झाली होती. नंतर नुसती उडी मारून सुटका शक्य असताना त्यांतली बरीचशी तिथेच पडून झटके सोसत राहिली. हतबलता शिकली जाते, हा आपला सिद्धांत या दोघांनीच 2016 मध्ये उलटा केला, आणि विज्ञानात असे धैर्य विरळा. त्यांचे नवे म्हणणे असे की दीर्घ त्रासापुढे निपचित पडणे ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते ‘माझ्या हातात काही आहे’ हे. म्हणून गप्प कुत्रा आणि निवांत कुत्रा यांत फरक करायला हवा. निवांत कुत्रा कुशीवर आडवा होतो, खातो, उठून बाहेर येतो आणि परत जातो. बाहेर येता येणे हाच धडा आहे, धड्यातला व्यत्यय नव्हे.

दुसरा आक्षेप असा की घाबरल्यावर जवळ घेतले, खाऊ दिला, तर भीतीचे लाड होतात. भीती ही बसण्या-उठण्यासारखी बक्षिसासाठी केलेली कृती नाही. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांची पाहणी स्टेफनी रीमर यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केली. तीत आवाजापाठोपाठ खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी 70 टक्क्यांहून अधिकांनी उपयोग झाल्याचे सांगितले. मालकांच्या सांगण्यावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न रास्त आहे, पण लाडाने भीती वाढल्याचा सूर त्यांच्यात नव्हता, हेही खरे.

काही कुत्र्यांना मात्र भीती क्रेटची नसतेच, माणूस निघून जाण्याची असते. त्यांना कोंडले तर दात आणि नखे तुटतात. तिथे क्रेट हा उपाय नव्हे, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवे. प्रशिक्षणाच्या जोडीला द्यायचे क्लोमिप्रामिन अमेरिकेत 1998 मध्ये आणि फ्लुऑक्सेटिन 2007 मध्ये याच विकारासाठी मंजूर झाले आहे. क्रेटवाचून चालतच नाही असेही नाही. स्वीडनमध्ये प्रवासासारखे अपवाद सोडले तर कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि तिथली कुत्री बिघडलेली नाहीत. प्रवास, इस्पितळ यांसाठी क्रेटची ओळख असावी, ती सावकाश व्हावी. पण लक्ष्मीपूजनाला आठच दिवस उरले असतील, तर ही चढण आता सुरू करू नये. कुत्रे घाबरल्यावर आपणहून न्हाणीघरात किंवा पलंगाखाली शिरत असेल, तर त्याचे अंथरूण तिथेच घालावे, खिडक्या लावून घ्याव्यात आणि शेजारी आपला एक न धुतलेला सदरा ठेवावा, स्पेरान्स्कींच्या कपड्यांसारखा.