पान किती तास ओलं होतं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत थॉमसन जातीच्या वेलींच्या दोन ओळींमध्ये लोखंडी खांब रोवला आहे. वर सौरपट्टी, बाजूला पाऊस मोजणारं भांडं, पांढऱ्या थाळ्यांच्या उतरंडीत तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर, आणि मांडवाच्या उंचीवर तिरका बसवलेला, पंजाएवढा, पानाच्या आकाराचा पांढरा तुकडा. हे खोटं पान. त्यावर दव साचलं की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात आणि त्यावरून यंत्र ठरवतं, की शेजारची खरी पानंही आता ओली असणार. खांबातलं सिमकार्ड ही नोंद थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहतं. ती कुठे जाते, तिचं काय होतं, हे बागेच्या मालकाला ठाऊक नाही. परत मात्र ती त्यांच्याच खिशात, फोनवरच्या ॲपमध्ये येते: लाल, पिवळ्या नाहीतर हिरव्या रंगात.

बाग माझ्या मामांची. गाव त्यांना नाना म्हणतं, म्हणून इथेही नाना.

गोडी छाटणी झाली, डोळे फुटले, पोंगा उघडला की पुढचे काही आठवडे नानांचं चित्त डावणी या रोगात असतं. परतीचा पाऊस, ढगाळ सकाळी, धुकं हे सगळं त्याच दिवसांत येतं. डावणीला पोहायला पाणी लागतं. रात्री हवा दमट राहिली की पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लव धरते. तिथून उडालेले बीजाणू दुसऱ्या पानावर पडतात, आणि तिथे पाण्याचा पातळ थर असेल तर त्यांच्यातून सुटलेले सूक्ष्म जीव त्यातून पोहत पर्णरंध्रापर्यंत पोचतात. पाणी सुकलं की त्यांचा खेळ संपला. म्हणून पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा पान सलग किती तास ओलं राहिलं आणि त्या तासांत गारवा किती होता, याला जास्त किंमत. २० अंशांच्या आसपास थोडे तासही पुरतात. फुलोऱ्याच्या आधी घडावर डावणी उतरली तर घड तपकिरी पडून वाळतो. आठवड्याभरात हंगाम गेलेला प्लॉट पाहिला नाही असा माणूस या तालुक्यात सापडणार नाही.

ओल्या तासांवरून रोग ओळखण्याची विद्या जुनी आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४४ मध्ये सफरचंदावरच्या स्कॅब रोगासाठी तक्ता प्रसिद्ध केला: इतकं तापमान, इतके तास ओलं पान, तर लागण. द्राक्षाच्या डावणीसाठी इटलीतल्या बाल्दाच्ची यांचा १९४७ चा नियम तर तोंडपाठ करण्यासारखा आहे: किमान १० अंश तापमान, १० सेंटिमीटरची फूट, १० मिलिमीटर पाऊस, तिन्ही जुळले की सावध व्हा. नाशिककडे हा नियम जवळजवळ निकामी आहे. ऑक्टोबरच्या रात्री इथे सहसा १० अंशांखाली उतरत नाहीत आणि फूट बघता बघता वाढते, तेव्हा पाऊस आला की उत्तर ठरलेलंच. शिवाय तिकडे वेल हिवाळ्यात निष्पर्ण होते; आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या घेऊनही बागेत बाराही महिने कुठे ना कुठे हिरवं पान असतंच, आणि रोगालाही विसावा मिळत नाही. म्हणून तासातासाच्या नोंदीवर चालणारं गणित इथे जास्त उपयोगाचं.

पण माझं लक्ष गणितापेक्षा त्याच्या दिशेकडे होतं. तक्ता वापरायचा तर माणसाने उठून तक्त्यापाशी जायला हवं. मनात शंका यायला हवी, ती विचारायला हवी. नाना आजवर असंच विचारत आले: कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला, एकरी फी घेणाऱ्या कन्सल्टंटला, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या साप्ताहिक सल्ल्याला, हवामान खात्याच्या मंगळवार-शुक्रवारच्या कृषी पत्रकाला. आता ते काही विचारत नाहीत. ॲप उघडतही नाहीत. पहाटे फोन थरथरतो, मामी चार्जिंगवरून काढून त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, "बघा, काय म्हणतंय ते."

संगणकाने हाक येण्याची वाट न पाहता आपणहून पुढे व्हावं, हा विचार इंटेलमधले डेव्हिड टेनेनहाउस यांनी २००० साली मांडला होता. माणसांपेक्षा संगणक कितीतरी जास्त होणार, त्यातले बहुतेक आजूबाजूच्या वस्तूंमध्ये दडलेले असणार, आणि प्रत्येकासमोर बसून बटणं दाबायला माणसं पुरणार नाहीत. तेव्हा माणसाने देखरेख करावी, कामाचा पुढाकार यंत्राने घ्यावा, असा त्यांचा रोख होता. खांबावरचं खोटं पान हा त्यातलाच एक संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, चालू-बंद करायला कोणी जात नाही. गेलेच तर नाना ओल्या फडक्याने ते पुसायला जातात, कारण फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचा थर आणि धूळ बसली की ते कोरडं असतानाही ओलं असल्याचं सांगतं.

आपणहून बोलणाऱ्या यंत्राची पहिली मोठी फजिती ऑफिस ९७ मधल्या कागदाच्या क्लिपने करून दाखवली. पत्राचा मायना लिहायला घेतला की ती डोळे मिचकावत मदतीला हजर व्हायची आणि लोक वैतागायचे. मायक्रोसॉफ्टच्याच एरिक हॉर्विट्झ यांनी १९९९ मध्ये या प्रश्नाचा हिशेब नीट मांडला. न विचारता बोलावं की गप्प राहावं, हे ठरवताना यंत्राने तीन गोष्टी तोलाव्यात: समोरच्याला ही मदत हवी असण्याची शक्यता किती, अंदाज बरोबर निघाला तर फायदा किती आणि चुकला तर त्रास किती. कागदावर हे सरळ दिसतं. बागेत आल्यावर मात्र पहिला प्रश्न पडतो तो असा, की त्रास कोणाचा धरायचा?

नानांनी हॉर्विट्झ वाचलेले नाहीत. दुसऱ्या हंगामात ते मला म्हणाले, "हे मशीन घाबरट आहे." त्या ऑक्टोबरात रंग उतरायलाच तयार नव्हता. लाल, लाल, एखादा पिवळा, पुन्हा लाल. लाल आला आणि रोग आला नाही, तर एक फवारणी वाया जाते: औषध, डिझेल, ट्रॅक्टरवाल्याचा दिवस. हिरवा राहिला आणि रोग आला, तर प्लॉट जातो आणि ती बातमी चहाच्या टपरीवर दुपारच्या आत पोचते. सल्ला विकणाऱ्याला यातली पहिली चूक परवडते, दुसरी परवडत नाही. वाया गेलेली फवारणी त्याच्या खिशातून जात नाही. त्यामुळे रंग कुठे लाल करायचा ही रेघ आखताना ती थोडी अलीकडे सरकते. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तिथेच रेघ ओढली असती. पण ती रेघ कुणीतरी ओढली आहे, हवामानाने ती तशी दिलेली नाही, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. तिथे फक्त रंग दिसतो.

जादा फवारणीचा खर्च नुसता पैशाचाही नाही. २०१० मध्ये वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॉट क्लोराइडचे अंश सापडल्यामुळे युरोपने आपली द्राक्षं नाकारली, तो धसका अजून गेलेला नाही. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, प्रत्येक औषधाला काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. म्हणजे यंत्राच्या घाबरटपणाचा माग महिन्यांनी घडातही सापडू शकतो.

तेव्हा नानांनी यंत्राची भाषा आपल्या परीने लावून घेतली. खांब प्लॉटच्या वरच्या टोकाला, विहिरीपाशी आहे, कारण तिथे रेंज मिळते आणि चोरीची भीती कमी. वारा तिथे खेळता असतो. खालची बाजू नाल्याकडे उतरते. तिथे सकाळी दहापर्यंत दव उडत नाही. "वर पिवळं म्हणजे नाल्याकडे लाल समजायचं. वर लाल असलं तर आधी जाऊन बघायचं." बघायचं म्हणजे खालच्या शेवटच्या ओळींत जायचं, दाट कॅनॉपीतलं पान उलटायचं आणि त्यावरून बोट फिरवायचं. बोट ओलं झालं, तर घड्याळ बघायचं. आता त्यांचा गुडघा धरतो, त्यामुळे हे रोज होत नाही.

सगळ्यात अवघड सल्ला हिरवा. पाऊस थांबल्यावर रात्री अडीच-तीनला आजूबाजूच्या प्लॉटमधून फवारणीच्या ब्लोअरचे आवाज सुरू होतात. गावाचा जुना अलर्ट तोच. शेजाऱ्याने ट्रॅक्टर काढला म्हणजे त्याला काहीतरी कळलेलं असणार, आणि आपण अंथरुणात पडलोय. अशा एका रात्री नानांच्या फोनवर हिरवं होतं: पाऊस झाला, पण लगेच वारा सुटून पानं सुकली. नाना उठले, अंगणात उभे राहिले, दोन दिशांचे ब्लोअर ऐकले आणि शेवटी स्पर्शजन्य औषधाचा हलका फवारा घेतला. मी विचारलं, मशीन नको म्हणत होतं ना? "मशीनला शेजारी नाही," ते म्हणाले. रोगावरची त्यांची फवारणी कधी कधी शेजाऱ्यांच्या आवाजावरही असते.

फवारा घेतला की दुसरं काम. रात्री जेवण झाल्यावर चष्मा लावून नाना फोनला उत्तरं देतात. फवारणी केली का? कोणतं औषध? एकरी किती? किती वाजता? हे भरलं नाही, तर यंत्राच्या लेखी पानं उघडीच राहतात आणि सकाळी पुन्हा लाल. पूर्वी माणूस विचारायचा आणि यंत्र उत्तर द्यायचं. आता यंत्र आधी सांगतं, मग विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत रंग बदलत नाही. निर्यातीसाठी फवारणीची नोंदवही ठेवावीच लागते, म्हणून नानांना हे फार जड जात नाही. पण त्या हलक्या फवाऱ्याची नोंद त्यांनी केली नाही. "नको म्हणत असताना केलं, ते कशाला लिहायचं?" यंत्राला लाजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आणि ती नोंद नसल्यामुळे पुढचे काही दिवस सल्ला चुकीच्या पायावर उभा राहिला, हेही खरं.

त्याच खात्यावर मामेभावाचाही नंबर आहे. तो पुण्यात आयटीत. सकाळच्या मीटिंगआधी लाल दिसला की त्याचा फोन येतो.

"नाना, लाल आलंय. बघितलं का?"

"इथं ऊन पडलंय. तू तुझं काम कर."

पूर्वी तो रविवारी फोन करायचा आणि बागेचं विचारायचा. काय सांगायचं ते नाना ठरवायचे. आता बागेची खबर त्याला नानांच्या आधी लागते, बाग न बघता. कन्सल्टंटही प्लॉटवर आल्यावर आधी म्हणतो, "ॲपवर काय होतं दादा?" आणि मग ओळीत शिरतो. नानांना माझ्या मामेभावाच्या फोनचा राग येतो. कन्सल्टंटच्या प्रश्नाचा येत नाही. कन्सल्टंट निदान प्लॉटवर उभा असतो.

यंदा छाटणीआधी कंपनीचा तंत्रज्ञ आला, तेव्हा नानांनी खांब नाल्याकडे हलवायला सांगितलं. तो पोरगा चांगला होता, त्याने समजावलं: तिथे लावला तर सगळा प्लॉट रोज लाल दिसेल, दोन्हीकडचं हवं असेल तर दुसरं यंत्र घ्या, दोन प्लॉट दाखवू, वर्गणी दुप्पट होईल. मामेभावाने फोनवरून दुसरं यंत्र घ्यायला होकार दिला. नाना म्हणाले, वरचा प्लॉट ॲपमधून काढूनच टाका. विहिरीकडचं मला घरातून दिसतं, मला जिथं चालवत नाही तिथलं पाहिजे. तंत्रज्ञाने थोडा वेळ पडद्यावर काहीतरी शोधलं, मग प्लॉटचं क्षेत्र कमी करून खालच्या ओळींपुरतं केलं. भाऊ अजून नाराज आहे.

खांब आता नाल्याच्या बाजूला आहे. तिथे रेंज धरत नाही. कधी नोंदी वेळेवर जातात, कधी रात्रभराच्या सगळ्या सकाळी नऊला एकदम, आणि मग पहाटेचा लाल उन्हात येतो. लांब अँटेना मागवली आहे. ती दिवाळीनंतर मिळेल, म्हणजे या प्लॉटचे डावणीचे दिवस बहुतेक सरल्यावर. तोवर भावाचा फोन आला की मामीच सांगतात, "नाना खाली गेलेत."