टेकऑफला विमान ‘स्टॉल’ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन ट्रेनिंग विमानं पडली. ज्यांची मुलं-मुली पायलटचं शिक्षण घेतायत, त्या अम्मी-अब्बूंना धास्ती बसणं साहजिक आहे. अशा बातम्यांच्या चर्चेत ‘स्टॉल’ हा शब्द हमखास येतो. त्यावरून इंजिन बंद पडलं असं आपल्याला वाटतं, कारण मोटरगाडीचं तसंच असतं. विमान मात्र इंजिन जोरात चालू असतानाही स्टॉल होतं.

पंख समोरची हवा खाली ढकलतो, म्हणून विमान वर उचललं जातं. येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढवला की उचलही वाढते. पण लहान विमानांत साधारण 15-16 अंशांपुढे पंखावरची हवा सुटते आणि उचल एकदम घटते. यावर उपाय एकच, नाक खाली करायचं. काही हजार फुटांवर ते सरावात नेहमी करून घेतात. टेकऑफनंतर 200 फुटांवर मात्र जमीन समोर दिसते आणि हात उलट स्टिक मागेच ओढतो. खरा घात तिथे होतो.

आपल्या कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे. एप्रिलच्या दुपारी 35 अंशांत इथली हवा किनाऱ्यावरच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 13 टक्के पातळ असते. इंजिनाचा जोर कमी पडतो, धाव लांबते. वर जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे पळताना दिसते, त्यामुळे वेग आलाय असं वाटून नवखा पायलट नाक लवकर उचलतो. म्हणून नजर बाहेरच्या जमिनीवर नाही, वेगाच्या काट्यावर हवी.

दुसरा मोह परत फिरण्याचा. वर जाताच इंजिन गेलं की धावपट्टीकडे वळावंसं वाटतं. उंची टिकवत 45 अंश कलून वळलं तर स्टॉलचा वेग सुमारे 19 टक्के वाढतो, आणि हातातला वेग तर घटत असतो. म्हणून शिकवतात, नाक खाली करा आणि जवळपास समोरच उतरा, मग पुढे उसाचं शेत का असेना.

ॲडमिशन घेताना आपण फी आणि हॉस्टेलचं विचारतो. टेकऑफच्या स्टॉलचा सराव किती वेळा करून घेता, हेही तिथल्या प्रशिक्षकांना विचारा.